दगडावर नाव कोरण्याआधी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच कळेल. एक मनोरुग्णालय बंद होऊन बरीच वर्षं झाली. मागच्या आवारात दफनभूमी आहे आणि तिथल्या दगडांवर नुसते आकडे आहेत. कोठीत दाखल रजिस्टरं, केस पेपर, फोटोंचं एक खोकं आणि कुलपं गंजलेल्या काही ट्रंका मिळाल्या. तुमच्या गटात तिथले निवृत्त कर्मचारी आणि आसपास राहणारी माणसं आहेत. वर्षअखेरीपर्यंत स्मारक उभारायचं, त्यावर सगळी नावं कोरायची, उद्घाटनाला फोटोंचं प्रदर्शन भरवायचं असं ठरलं आणि तिथेच घोडं अडलं. अर्धे म्हणतात, नावं द्यायलाच हवीत. अर्धे म्हणतात, ही रुग्णांची खासगी माहिती आहे, घरच्यांना उगाच मनस्ताप होईल. यात बरोबर कोण, असं तुम्ही विचारलंय.

मी अभिलेखपाल आहे. बंद पडलेल्या अशा संस्थांचे कागद आणि थडगी यांच्यात माझी २० वर्षांहून जास्त गेली. कायद्याचं आधीच सांगून टाकतो. तो देशागणिक बदलतो, कधी एकाच देशात राज्यागणिक बदलतो, आणि रुग्णाच्या मृत्यूनंतर कागद किती वर्षं बंद ठेवायचे याचं एकच उत्तर कुठेही नाही. तेवढ्यापुरता एखाद्या जाणत्या वकिलाचा सल्ला घ्याच. पण कायद्याने परवानगी दिली म्हणून तुमचं भांडण मिटणार नाही. तुम्ही एका गाठोड्यावरून भांडताय. ते सोडलंत तर आतून दोन वेगळ्या गोष्टी निघतील: माणसाचं नाव, आणि त्याच्याबद्दल दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला मजकूर.

नाव त्या माणसाचं असतं, तो तिथे येण्याआधीपासूनचं. निदान, औषधं, कोणाच्या सहीने दाखल झाला, कोणत्या रात्री त्याला बांधून ठेवलं, हे सगळं संस्थेने लिहिलेलं आहे आणि ते लिहिताना त्याला कोणी विचारलं नव्हतं. म्हणून माझा कल स्पष्ट आहे. नाव, जन्माचं वर्ष, मृत्यूचं वर्ष दगडावर जाऊ द्या. केस पेपरमधला एकही शब्द दगडावर नको, पाटीवर नको, उद्घाटनाच्या भाषणात तर मुळीच नको. यावर तुमच्यातलं कोणीतरी म्हणेल की मनोरुग्णालयाच्या दफनभूमीत नाव कोरलं की निम्मं निदान आपोआप फुटतंच. ते खरं आहे. त्यावर माझ्याकडे तोडगा नाही, फक्त एक अनुभव आहे: नाव झाकून ठेवल्याने लाज कमी झाल्याचं मी कुठेच पाहिलं नाही. जिथे झाकलं तिथे ती उलट मुरत गेली.

जर्मनीचं उदाहरण देतो. तुमच्या संस्थेत तसं काही घडलं असं मला सुचवायचं नाही, लाज येते कुठून ते दिसावं म्हणून देतो. नाझी राजवटीत मनोरुग्ण आणि अपंग माणसांना ठार मारण्याची मोहीम चालवली गेली. १९४० आणि १९४१ या दोन वर्षांत सहा केंद्रांमध्ये विषारी वायूने ७०,२७३ माणसं मारल्याची बेरीज मारणाऱ्यांनी स्वतःच करून ठेवली आहे. युद्ध संपल्यावरही कितीतरी दशकं या माणसांची पूर्ण नावं छापत नसत. पहिलं नाव आणि आडनावाचं एक अक्षर, बस. कारण दिलं जाई गोपनीयतेचं आणि हयात नातेवाइकांचं. आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली! मारणाऱ्यांचा दावाच असा होता की हा दोष रक्तातून उतरतो आणि अख्ख्या घराण्याला लागतो. घराण्याला डाग लागेल म्हणून नाव झाकायचं म्हणजे त्या दाव्याला मागच्या दाराने मान डोलावणंच झालं. बर्लिनमध्ये टियरगार्टनस्ट्रासे ४ या पत्त्यावर, जिथून ही मोहीम चालवली जात होती तिथे, २०१४ मध्ये २४ मीटर लांबीची निळ्या काचेची भिंत उभी राहिली. आणि २०१८ मध्ये तिथल्या संघीय अभिलेखागाराने सुमारे ३०,००० नावांची यादी खुली केली. मधली सत्तरेक वर्षं त्या घरांमध्ये काय बोललं गेलं असेल आणि काय गिळलं गेलं असेल, याचा विचार करा.

दुसरं टोक अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातलं. तिथलं विलर्ड मनोरुग्णालय १९९५ मध्ये बंद झालं तेव्हा एका पोटमाळ्यावर रुग्णांच्या ४०० हून जास्त सुटकेस निघाल्या. दाखल होताना आणलेल्या, आणि मालकाकडे कधीच परत न गेलेल्या. राज्याच्या संग्रहालयाने त्या जपल्या, त्यांची प्रदर्शनं झाली, जगभर बातम्या आल्या. पण नावांची वेळ आली की राज्याचा गोपनीयतेचा नियम आडवा यायचा. त्याच संस्थेत लॉरेन्स मोका नावाचा एक रहिवासी होता. तो तिथे कबरी खणायचा, आणि त्याने १,५०० च्या वर कबरी खणल्या. १९६८ मध्ये वयाच्या ९० व्या वर्षी तो वारला आणि त्यालाही तिथेच पुरलं, नावाशिवाय. त्याच्या नावाचा फलक लागायला २०१५ साल उजाडलं, तेही चिकाटीच्या माणसांनी नातेवाईक शोधून काढले म्हणून. इतरांना इतक्या काटेकोरपणे मूठमाती देणाऱ्या माणसाचं नाव कोणाच्या भल्यासाठी लपवलं होतं, हे मला आजतागायत उमगलेलं नाही.

आता कामाचं. केस पेपर बंद आहेत म्हणून नावं बंद आहेत असं समजू नका. तीच नावं मृत्यू नोंदणीच्या वहीत असतात, दफनाच्या पुस्तकात असतात, जुन्या जनगणनेत आणि कधी न्यायालयाच्या आदेशांत असतात. हे दस्तऐवज बहुतेक ठिकाणी ठरावीक मुदतीनंतर खुले होतात आणि त्यांच्यावर रुग्णालयाची गोपनीयता लागू होत नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थम गावाजवळ मेटफर्न नावाची दफनभूमी आहे, दोन संस्थांमधल्या माणसांची. सुमारे ३०० थडगी, प्रत्येकावर एक अक्षर आणि एक आकडा. कॅथलिक असेल तर सी, प्रोटेस्टंट असेल तर पी. तिथल्या शाळकरी मुलांनी शिक्षकांसोबत खुल्या मृत्यू नोंदी धुंडाळून त्या आकड्यांमागची माणसं शोधली. त्यासाठी मुलांना एकही केस पेपर उघडावा लागला नाही. तुम्हीही इथूनच सुरुवात करा. काम वेळखाऊ आहे, पण या वाटेने मिळालेलं नाव छापताना हात थरथरत नाही.

रजिस्टरावर आंधळा विश्वास मात्र ठेवू नका. या बाबतीत मी पूर्वी फार भोळा होतो. नाव कारकुनाच्या कानाने लिहिलेलं असतं. माणूस दुसऱ्या भाषेतला असेल, तोतरा असेल, बोलतच नसेल, तर कारकुनाला जे ऐकू आलं तेच त्याचं कायमचं नाव झालं. बायकांच्या बाबतीत तर कधी नावच नसतं, 'अमक्याची बायको' एवढंच. एका संस्थेच्या वहीत मला एकच बाई ११ वर्षांत चार वेगवेगळ्या स्पेलिंगांत सापडली आणि आम्ही तिला चार बायका समजून बसलो होतो. आकड्यांचाही घोळ असतो. पुरुषांची आणि स्त्रियांची क्रमांकमाला वेगळी, मध्येच कोणीतरी एकपासून पुन्हा सुरू केलेली, दगड हललेले. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात मिलेजव्हिल इथे हजारो कबरींवरच्या लोखंडी खुणा उपटून टाकल्या गेल्या होत्या, गवत कापायचं यंत्र नीट फिरावं म्हणून. खुणा गेल्या की कोणती खूण कुठली ते कोणीच सांगू शकत नाही. म्हणून माझा नियम असा: दोन स्वतंत्र कागदांनी दुजोरा दिल्याशिवाय अमुक नाव अमुक जागेवर कोरायचं नाही. जागा पक्की नसेल तर एका सामाईक भिंतीवर सगळी नावं घ्या आणि आकड्यांचे दगड आहेत तिथे तसेच राहू द्या. ज्यांचं नाव कुठेच सापडत नाही त्यांच्यासाठी ओळी मोकळ्या ठेवा. 'अनोळखी पुरुष, मृत्यू अमुक साली' ही ओळसुद्धा एका माणसाची जागा धरून ठेवते.

नातेवाइकांच्या मनस्तापाबद्दल. तो होतो. एकदा यादी जाहीर झाल्यावर मला एका वयस्कर बाईंचा फोन आला. त्यांच्या आजोबांची धाकटी बहीण लहानपणीच तापाने गेली असं घरात सांगत आले होते. आमच्या यादीप्रमाणे ती ७१ वर्षांची होऊन वारली होती, त्यातली ५० च्या वर वर्षं संस्थेत. बाई बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग त्यांनी विचारलं, तिला भेटायला कोणी जायचं का? वहीत भेटीचा रकाना होता आणि तो कोरा होता. मी खरं ते सांगितलं. पुढे वर्षातून एकदा त्या येत राहिल्या. दुसऱ्या एका घराने मात्र नाव काढा म्हणून हट्ट धरला आणि आम्ही काढलं. आज काढलं नसतं. आज मी त्यांना म्हणेन की नाव तुमच्या घराचं आहे तसं त्या माणसाचंही आहे आणि तो आता त्याची बाजू मांडायला येऊ शकत नाही. पण यावर माझ्याच क्षेत्रातले चांगले लोक माझ्याशी असहमत आहेत, हेही लक्षात असू द्या. मधला मार्ग म्हणून कोरण्याआधी काही महिने यादी जाहीर करावी आणि हरकत किंवा दुरुस्ती कळवायला एक माणूस नेमावा. अनुभव असा की हरकती बोटांवर मोजण्याइतक्या येतात आणि दुरुस्त्या ढिगाने. ओरेगन राज्याच्या सरकारी मनोरुग्णालयात सुमारे ३,५०० माणसांच्या अस्थी तांब्याच्या डब्यांमध्ये पडून होत्या. नावांची यादी खुली केल्यावर लांबलांबून नातेवाईक आले आणि आपापल्या माणसाच्या अस्थी घेऊन गेले. उरलेल्यांसाठी २०१४ मध्ये तिथे स्मारक झालं.

आता तुम्ही न विचारलेला प्रश्न. तुमच्या गटात कर्मचारी आहेत, शेजारी आहेत. तिथे राहिलेलं कोण आहे?

संस्था बंद झाली तेव्हाचे तरुण रहिवासी आज हयात असण्याची दाट शक्यता आहे. कोणी घरी, कोणी निवाऱ्यात, कोणी दुसऱ्या संस्थेत. त्यांना शोधल्याशिवाय एक वीटही रचू नका, आणि वर्षअखेरीचा मुहूर्त मोडावा लागला तर मोडा. हे मी उपदेश म्हणून सांगत नाही, चटका बसलाय म्हणून सांगतोय. माझ्या सुरुवातीच्या कामांपैकी एका प्रदर्शनात आम्ही संस्थेच्या दप्तरातले फोटो मोठे करून लावले होते. सुंदर छायाप्रकाश, बोलके डोळे, आम्ही फार खूश. उद्घाटनाला एक बाई आल्या, एका फोटोपुढे थांबल्या. तो त्यांचाच होता, १६ व्या वर्षीचा, केस कापल्यानंतर लगेच काढलेला. त्या एवढंच म्हणाल्या, 'तेव्हाही मला विचारलं नव्हतं.' फोटो त्याच संध्याकाळी उतरवला. पण तोवर गावाने तो पाहिला होता.

तेव्हापासून फोटोंबाबत मी नावांपेक्षा कडक आहे. दाखल करतानाचा फोटो, नग्न किंवा अर्धनग्न फोटो, बांधलेल्या अवस्थेतला फोटो, लहान मुलांचा वैद्यकीय फोटो हे प्रदर्शनात नकोत, माणूस कितीही वर्षांपूर्वी वारलेला असो. सहलीचा, सणाचा, शिवणवर्गाचा फोटो चालेल, पण त्यातल्या हयात माणसांना विचारून. खोकं मात्र फेकू नका. उद्या कोणीतरी आपल्या आईचा चेहरा शोधत येईल आणि तिचा तेवढाच एक फोटो असेल.

रहिवाशांनीच पुढाकार घेतला की काम कसं बदलतं याचे दाखले आहेत. मिनेसोटात 'रिमेम्बरिंग विथ डिग्निटी' हा उपक्रम १९९४ पासून अपंग माणसांच्या नेतृत्वाखाली चालला. त्यांनी आकड्यांच्या जागी नावांचे दगड बसवत नेले आणि सोबत राज्याने माफी मागावी अशी मागणी लावून धरली, ती माफी विधिमंडळाने २०१० मध्ये मागितली. कॅनडातल्या ऑरिलिया इथली बौद्धिक अपंगांची संस्था १८७६ ते २००९ चालली. तिथे लहानपण काढलेल्या दोन स्त्रियांनी दावा लावला, २०१३ मध्ये ३.५ कोटी डॉलरची तडजोड झाली आणि प्रांताच्या प्रमुखांनी विधानसभेत उभं राहून माफी मागितली. स्मारक म्हणजे दगडच, असं या माणसांना वाटत नव्हतं. आधी झालेलं कबूल करा, मग फुलं वाहा, असा त्यांचा क्रम होता. तुमच्याकडच्या माणसांचा क्रम वेगळा असू शकेल. मला भेटलेल्या एका माजी रहिवाशाला स्मारकाशी काही देणंघेणं नव्हतं, त्याला फक्त त्याचा केस पेपर वाचून हवा होता. तो त्याचा हक्क आहे. ती सोय आधी करा.

तुमच्या निवृत्त कर्मचाऱ्यांचा मला अनादर करायचा नाही. चांगले अटेंडंट, आया, परिचारिका मी पाहिल्या आहेत आणि त्यांच्या आठवणींशिवाय निम्मे कागद वाचता येत नाहीत. कोणती खोली कशासाठी होती, 'मागचा वॉर्ड' म्हणजे नेमका कुठला, हे तेच सांगतात. पण कर्मचारी संध्याकाळी घरी जात होते. त्यांची आठवण आणि रात्री तिथेच राहणाऱ्याची आठवण एका पाटीवर बसत नाही. दोघांच्या मुलाखती वेगळ्या घ्या, वेगळ्या खोलीत घ्या, आणि जिथे जुळत नाहीत तिथे दोन्ही तशाच ठेवा. हीच मंडळी समितीत बहुमताने असतील तर स्मारक हळूहळू 'आमच्या सेवेचा इतिहास' होतं. हे मी तीनदा होताना पाहिलंय.

रहिवाशांच्या श्रमाचा मात्र उल्लेख करा, तो नेहमी गळतो. धोबीखाना, स्वयंपाकघर, शेत, शिवणकाम हे सगळं बहुतेक संस्थांमध्ये रहिवाशांच्या हातांवर चालायचं, मोबदला नाममात्र किंवा काहीच नाही. टोरंटोतल्या जुन्या मनोरुग्णालयाची विटांची कुंपणभिंत एकोणिसाव्या शतकात रुग्णांनीच बांधली, आणि आता तिच्यावर तसे फलक आहेत. इतिहासकार जेफ्री रिओम, जे स्वतः कधीकाळी मनोरुग्णालयात राहिले आहेत, लोकांना त्या भिंतीच्या कडेने फिरवत हा इतिहास सांगत आले. तुमच्या आवारातही अशी भिंत, विहीर, ओटा असेलच. कोणी बांधलं ते विचारा. इटलीत व्होल्तेरा इथे ओरेस्ते फेर्नान्दो नानेत्ती नावाच्या रुग्णाने जाकिटाच्या बकलाने वॉर्डच्या बाहेरच्या भिंतीवर सुमारे १८० मीटर मजकूर आणि चित्रं कोरली. असं सांगतात की बाकावर हालचाल न करता बसून राहणाऱ्या सोबत्यांच्या डोक्याभोवती तो वळसा घेऊन कोरायचा, त्यांना उठवायचा नाही. म्हणून रंगरंगोटी करण्याआधी भिंती नीट बघा. प्लास्टरखाली काय आहे ते एकदा गेलं की गेलं.

ट्रंकांचं सोपं आहे. उघडताना तीन माणसं हजर असू द्या, वस्तूंची यादी करा, फोटो घ्या, आणि एकेका ट्रंकेतल्या वस्तू ज्याच्या होत्या त्याच्या नावाने एकत्र ठेवा. सगळे कंगवे एका कपाटात, सगळी पत्रं दुसऱ्यात, असं करू नका. न पाठवलेली पत्रं सापडतील. ती वाचायची की नाही हे वारस सापडेपर्यंत लांबवता आलं तर लांबवा.

पाटीच्या भाषेबद्दल तुम्ही तळटीपेत विचारलंय. रजिस्टरातले 'वेडा', 'मूढ' असे शब्द संशोधनाच्या लेखात अवतरणात राहू द्या, कारण ते पुसले तर त्या काळाला आपण सोडून दिल्यासारखं होईल. पाटीवर मात्र 'इथे राहिलेली माणसं' एवढं पुरतं. वाक्यं छोटी ठेवा, अक्षर मोठं ठेवा, पाटी चाकाच्या खुर्चीतून वाचता येईल अशा उंचीवर लावा आणि तिथवर पायऱ्या नकोत. ज्यांचं स्मारक, त्यांनाच वाचता येत नाही असं मी पाहिलं आहे.

आणि हो, इमारतीतून उत्पन्न काढायला कोणीतरी 'भुताटकी'च्या रात्रीच्या सहली सुचवेल. पेनसिल्व्हेनियातली पेनहर्स्ट ही संस्था १९०८ ते १९८७ चालली, तिथल्या हालअपेष्टांवरचा खटला देशभर गाजला, आणि २०१० मध्ये त्याच आवारात तिकीट लावून भीतीचा खेळ सुरू झाला. जागेच्या करारात आधीच मनाई लिहून घ्या, नंतर कोणी ऐकत नाही. जमिनीच्या मालकीचंही आत्ताच बघा. इंग्लंडमध्ये एप्समजवळच्या हॉर्टन दफनभूमीत सुमारे ९,००० रुग्ण पुरलेले आहेत आणि ती जमीन १९८३ मध्ये खासगी विकासकाला विकली गेली. तिथले स्वयंसेवक एकेका माणसाचं चरित्र शोधून लिहीत आहेत, पण जमीन त्यांच्या हातात नाही.

तर या आठवड्यात एवढंच करा. दफनभूमीचं गवत यंत्राने कापू देऊ नका, हाताने काढा. सकाळी लवकर किंवा उन्हं उतरताना जा, तिरप्या उजेडात झिजलेले आकडे वाचता येतात. प्रत्येक दगडाचा फोटो घ्या, नकाशावर जागा मांडा, एकही दगड सरळ करायला जाऊ नका. रजिस्टरांची पानं टिपताना मागची कोरी बाजूसुद्धा टिपा. रात्रपाळीची माणसं तिथे पेन्सिलने लिहायची.